टोकन क्रमांक एकेचाळीस

वालपराइसोच्या संसदेत दारावर बसते मी.
छत्र्या, पिशव्या, हेल्मेटं घेते, टोकन देते.
एकवीस वर्षं झाली. कायदे वरच्या मजल्यांवर होतात,
खाली माझ्याकडे त्यांचे ओले कोट.

जानेवारीतल्या एका मंगळवारी
पाच पोरं आली, चिलोए बेटावरची.
आधी फेरी, मग रात्रभर बस.
सगळ्यात मोठी असेल एकोणीसची,
सगळ्यात धाकट्याच्या शर्टावर
अजून दुकानातली घडी.

पिशव्या यंत्रातून गेल्या.
पडद्यावर काहीतरी वेटोळं घालून बसलेलं.
"हे काय?"
"कोचायुयो. समुद्रातलं शेवाळ, वाळवलेलं. खातो आम्ही."
मला काय सांगतेस पोरी, माझी आई
बटाटे घालून करायची त्याचं कालवण,
पण अंगावर गणवेश असला की
माहीत असलेलंही विचारावं लागतं.

मग निघाली बरणी.
कॉफीची जुनी, लेबल नखांनी खरवडलेलं.
आत काळं पाणी, तळाशी गाळ,
गाळावर पांढरी साय, दुधावर धरते तशी.
"सॅमनच्या पिंजऱ्यांखालचं आहे," ऑरियाना ग्वेंतेओ म्हणाली,
"बेल्ट्रानने बुडी मारून आणलंय.
खासदारांच्या टेबलावर उघडायचंय."
"आणि वास?"
"त्यासाठीच तर."

नियमात द्रवाला मनाई आहे.
वासाबद्दल नियम नाही,
पण वास द्रवातच होता.
बरणी माझ्याकडे राहिली
आणि पोरं लिफ्टमध्ये शिरली, रिकाम्या हातांनी,
पाठ केलेलं ओठांतल्या ओठांत म्हणत.

चौदा मिनिटं मी आणि बरणी समोरासमोर.
माझा धाकटा भाऊ त्याच पिंजऱ्यांवर कामाला आहे.
आईला डायलिसिसला नेणाऱ्या गाडीचं भाडं
सॅमनच्या पगारातून जातं.
पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात.
पण हा मासा या पाण्यातला नाही,
कुठल्या कुठून आणून जाळ्यात वाढवलेला,
आणि आधी वैर कुणी मांडलं हे ठरवणारी
मी कोण, टोकन देणारी बाई.
तरी बरणी उन्हातून सावलीत सरकवली.
का, ते विचारू नका.

परत आली तेव्हा
लिफ्टमधून आधी कुणीच बाहेर पडेना.
खासदार मतदानाला गेले होते.
सहायकाने ऐकून घेतलं, पाणी विचारलं,
आणि गावाचं नाव लिहिताना चुकला.
"पुंता कोइपो," धाकटा म्हणाला, "त्याने कोइगो लिहिलं.
सांगितल्यावर खोडलं, आणि परत कोइगोच लिहिलं."
एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता,
जणू बाकी सगळं चाललं असतं.

"बरणी?" मी विचारलं.
ऑरियानाने टोकन मुठीत धरलं, दिलं नाही.
"राहू दे. मार्चमध्ये परत येतोय आम्ही."
मार्च. इथे सगळेच मार्च म्हणतात.

बेवारस वस्तू तीस दिवसांनी टाकून द्यावी, असा नियम.
मी नोंदवहीत तारीख पुढे ढकलते.
मार्च आला, पोरं आली नाहीत.
बसभाडं जमलं नाही, असं पत्र आलं,
सोबत कोचायुयोची एक जुडी.
मी कालवण केलं. मीठ जरा जास्त झालं.
आता जून, बाहेर पाऊस,
आणि बरणीचं झाकण फुगून वर आलंय.

काल संध्याकाळी तेच खासदार
छत्री न्यायला आले.
नाक मुरडलं. "काय कुजलंय इथे?
कुणाचं आहे हे?"

मी नोंदवही फिरवून त्यांच्यापुढे धरली,
बोट एकेचाळीसच्या ओळीवर.
मालकाच्या रकान्यात पोरीने स्वतःचं नाव नाही,
गावाचं लिहिलंय, एकेक अक्षर सुटं सुटं.
"मोठ्याने वाचा साहेब," म्हटलं.
"चष्मा वर राहिला असेल तर घेऊन या.
माझी ड्यूटी आठपर्यंत आहे."